आठव ला

एडिसनमधलं ते भाड्याचं बेसमेंट बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा दार उघडणाऱ्या गृहस्थांनी मला नखशिखांत न्याहाळलं, सोफ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बसला."

मी सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर कोणीही नव्हतं. कोण बसला, कुठे बसला, की स्प्रिंग गेल्यामुळे सोफाच बसला, मला काही उलगडा होईना. मी उभाच राहिलो. ते पुन्हा म्हणाले, "बसला," ह्या वेळी जरा चढ्या आवाजात. शेवटी आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला.

"अरे, बस म्हणतायत ते तुला!"

त्याचं असं होतं. काकांनी उमेदीची वर्षं मलेशियात, पेनांग नावाच्या बेटावर, एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर म्हणून काढली होती. तिकडची माणसं म्हणे वाक्याच्या शेवटी 'ला' लावतात, आपण 'ना' किंवा 'रे' लावतो तसा. काकांना न्यू जर्सीत येऊन जमाना झाला होता, ते रिटायरही झाले होते, पण तो 'ला' काही सुटला नव्हता. इंग्रजीत तो खपून जायचा. मराठीत मात्र घोटाळा व्हायचा, कारण मराठीत हुकमाला 'ला' जोडला की काम झालेलंच असतं. काका म्हणायचे, "पाना आण ला." ऐकणाऱ्याला वाटायचं, पाना आणला, चला, बरं झालं. तो आपला स्वस्थ, आणि काका पान्याची वाट बघत सिंकखाली आडवे. "कचरा टाक ला", "डबा ठेव ला", सगळ्याची तीच गत. त्या घरातली निम्मी कामं ह्या एका अक्षरापायी व्हायचीच नाहीत, आणि काकांची पक्की समजूत अशी की इंडियातून हल्ली येणारी पोरं जन्मजात आळशी असतात.

त्यातही सगळ्यांत अवघड शब्द 'जेवला'. पेनांगला म्हणे कोणी भेटलं की 'कसे आहात' विचारत नाहीत, 'जेवलात का' विचारतात. त्यामुळे काकांच्या तोंडी कायम "जेवला?" असायचं. आता हा 'जेवलास का' असा प्रश्न की 'जेव, ला' असा हुकूम, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसावं. मी त्या पहिल्या दिवशी सरळपणे "हो, जेवलो" म्हणालो, तर त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, घर गेलं हातचं. त्यांच्या पाठीमागे काकू उभ्या होत्या. त्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं.

"म्हणजे, तसं काही जेवलो नाही," मी म्हणालो.

बेसमेंट मला मिळालं. माझा व्हिसा, माझी नोकरी, मी पार्ट्या करतो का, ह्यातलं त्यांनी काहीएक विचारलं नाही. मला जेवायला बसवलं आणि समोर खुर्ची ओढून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

पानात होता नासी लेमाक. मलेशियातली माणसं हा सकाळी नाश्त्याला खातात, ह्यावर माझा अजूनही पुरता विश्वास नाही. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर सांबल नावाची लालभडक तिखट चटणी, करंगळीएवढे कुरकुरीत तळलेले सुके मासे, शेंगदाणे, काकडीच्या चकत्या आणि अर्धं उकडलेलं अंडं. मी नागपूरचा. तिखटाला भीत नाही, पण सुक्या माशाशी माझी तोवर ओळख नव्हती. मी हळूच एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

"शेंगदाणा एकटा खायचा नाही ला!" काका ओरडले. "सगळे एका घासात. फॅमिली आहे ती."

मी फॅमिली तोंडात घातली. ती अप्रतिम होती, हे मी आजही कोणत्याही कोर्टात सांगायला तयार आहे.

ह्या सांबलचा आत्मा म्हणजे बेलाचान. कोळंबी कुटून, मीठ घालून, आंबवून, उन्हात वाळवून केलेली तपकिरी वडी. वापरण्याआधी ती भाजावी लागते. तिच्या वासाचं वर्णन करायची जबाबदारी पुढे माझ्याच गळ्यात पडली, म्हणून इथे घाई करत नाही. एवढंच सांगतो, की काकू पक्क्या शाकाहारी, सांगलीच्या, आणि काका बेलाचान भाजायला लागले की त्या नाकाखाली व्हिक्स लावून बागेत जाऊन बसत. हिवाळ्यातसुद्धा. शेजारच्या अमेरिकन आजीबाईंना वाटायचं, ही बाई बर्फात बसून ध्यान करते. त्या मोठ्या आदराने हात जोडायच्या.

काकांचं नाक हा त्या घरातला सगळ्यांत मोठा प्रकार होता. हीटिंगचा डक्ट, म्हणजे गरम हवा फिरवणारा पत्र्याचा बोगदा, बेसमेंटमधून वर त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेला होता. खाली मी आणि माझा रूममेट. तो ठाण्याचा, 'यार' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य संपायचं नाही. आम्ही गॅसवर काहीही ठेवलं की डक्टमधून आकाशवाणी व्हायची.

"मॅगी? जेवायच्या वेळेला?"

किंवा, "कांदा घाई करतोय! मंद कर ला!"

किंवा नुसतंच, दुखऱ्या आवाजात, "फ्रोजन पराठा..."

"यार, हा माणूस आहे की स्मोक डिटेक्टर?" रूममेट म्हणायचा. खरा स्मोक डिटेक्टर आमच्याकडे होता, पण त्याला एवढी पाककलेची जाण नव्हती. एकदा ओक ट्री रोडवरच्या एका देशी हॉटेलात आम्ही सगळे जेवायला गेलो, तर काका पार्किंग लॉटमध्येच थांबले. नाक वर केलं, हवा ओढली आणि म्हणाले, "कालचे तेल." परत गाडीत जाऊन बसले. आम्ही आत जेवलो. तेल कालचंच होतं.

पेनांगच्या रस्त्यावरचं खाणं एडिसनच्या मराठी माणसाला खाऊ घालायचं, हे काकांनी जीवितकार्य मानलं होतं, आणि एडिसनचा मराठी माणूस त्यांना दाद देत नव्हता. मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे एका शाळेत भरणाऱ्या, ज्याने-त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी रोती चनाई केली. ही तिकडची पदर सुटलेली मऊ पोळी, बरोबर पातळ कालवण. खाणाऱ्यांची एकच तक्रार: "ह्यात चना कुठाय?" पुढच्या वेळी त्यांनी नासी लेमाक नेला. एका मावशींनी भाताचा घास घेतला आणि काकूंचा हात हातात घेऊन मायेने म्हणाल्या, "नारळीभातात गूळ घालायचा राहिला का गं? होतं असं गडबडीत." त्याच्या पुढचा प्रसंग भीषण होता. टेबलावरच्या भांड्यापुढे काकांनी 'सांबल' अशी चिठ्ठी ठेवली होती. आपल्या लोकांनी ती 'सांबार' अशी वाचली, डाव भरभरून चटणी भातावर ओतली आणि वर म्हणाले, जरा घट्टच झालंय. मग पहिला घास गेला. त्या संध्याकाळी शाळेच्या कॅफेटेरियातल्या पाण्याच्या नळापाशी भलीमोठी रांग लागली होती. तिच्यात मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांत पुढे होते.

काका घरी येऊन म्हणाले, "लोकांना समजत नाही, कारण लोक तोंडाने खातात. खायचे असते नाकाने."

मग तो साथीचा हिवाळा आला. सगळं जग बंद झालं आणि वरती काका-काकू दोघेही आजारी पडले. आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर वरणभाताचे डबे ठेवायचो आणि दार वाजवून पळून यायचो. काकू आधी बऱ्या झाल्या, मग काका. ते दाराआडून म्हणाले, "डबा छान होता ला." आम्हाला भरून आलं. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण त्या दिवशी रूममेटने फोडणी जाळली होती.

आणि डक्ट गप्प झाला. आम्ही मॅगी केली, वरून काही नाही. कांदा करपवला, काही नाही. रूममेटने मुद्दाम फ्रोजन पराठा डक्टखाली धरून हलवला. शांतता.

"यार, काका नाराज आहेत आपल्यावर," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं. भाडेकरू म्हणून आम्ही इतकं मनाला लावून घेतलं की मॅगी बंद केली.

खरं काय ते कळलं चहामुळे. पेनांगला 'तेह तारिक' नावाचा चहा मिळतो. दोन मगांमधून तो वरून खाली ओढत ओढत ओततात, त्याने फेस येतो. काकांच्या मते हात पुरेसा लांब नसल्यामुळे त्यांच्या चहाला आयुष्यभर पुरेसा फेस आला नव्हता. उन्हाळ्यात एका रविवारी दुपारी त्यांनी इंजिनिअरिंगचा तोडगा काढला. मी वरच्या डेकवर चहाचा मोठा जग घेऊन उभा राहायचं, ते खाली लॉनवर पातेलं धरून.

"खुणेशिवाय ओतू नको," ते खालून म्हणाले.

मी तयार. ते तयार. त्यांनी पातेलं इकडे केलं, तिकडे केलं, वाऱ्याचा अंदाज घेतला. मग त्यांच्या चष्म्यावर काहीतरी आलं म्हणून त्यांनी पातेलं गवतावर ठेवलं, चष्मा काढला, आणि तो सदऱ्याला पुसता पुसता, आपल्याला दिसत नाही तेवढ्यात मी उरकलं तर नाही ना, ह्या काळजीने त्यांनी आयुष्यात एकदाच, शुद्ध, निर्भेळ, व्याकरणाला धरून प्रश्न विचारला.

"चहा सोडला?"

मी सोडला.

सगळा जग त्यांच्या टकलावर बरोबर मध्यभागी रिकामा झाला. इतक्या तयारीत चहा कोमट झाला होता, हे नशीब. शेजारच्या आजीबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यांनी ह्याही विधीला हात जोडले. काकांच्या भुवयांवर फेस होता. चांगला दाट फेस होता, हे मान्य करायला हवं. त्यांनी मिशी चाटली.

"साखर बरोबर," ते म्हणाले. "चहा फर्स्ट क्लास."

मी जिना उतरून धावत त्यांच्यापाशी आलो आणि थबकलो. चहा मी केला होता, आणि दूध बुडाला चांगलंच लागलं होतं. तो करपट वास आता काकांच्या डोक्यावरून, खांद्यांवरून, सदऱ्यातून भपाभप येत होता. काकूसुद्धा दारातून नाक मुरडत बघत होत्या. आणि पार्किंग लॉटमधून कालचं तेल ओळखणारा माणूस त्या वासात नखशिखांत भिजून फर्स्ट क्लास म्हणत होता.

"काका," मी म्हणालो, "दूध करपलंय."

सदऱ्याची बाही उचलून त्यांनी नाकाला लावली, जोरात श्वास घेतला, पुन्हा घेतला. आणि टॉवेल न घेताच आत निघून गेले. एवढा मोठा, गडगडाटी माणूस, पण जाताना पाठ अगदी म्हाताऱ्याची दिसली. मला फार वाईट वाटलं.

"आजारपणापासून ह्यांना वास येत नाही," काकूंनी मग सांगितलं. त्या पायरीवर बसल्या, मीही बसलो. "कशाकशाचा नाही. गोड कळतं, खारट कळतं, तिखट लागतं. बाकी सगळं म्हणे पुठ्ठा. कोणाला सांगू नको म्हणालेत."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईलही म्हणतात, नाहीही येणार म्हणतात." त्यांनी पदराने उगाच पायरी पुसली. "तुला खरं सांगू? आधी मला वाटलं, सुटले एकदाची. आता ह्या घरात ते घाणेरडं शिजणार नाही. पण अरे, माणूस घरातल्या घरात हरवल्यासारखा फिरतो. फ्रीज उघडतो, बघतो, बंद करतो. तांदळाच्या डब्यात तोंड घालून उभा असतो. शेवटी मीच गाडी काढली आणि त्या चायनीज दुकानातून बेलाचान घेऊन आले. मी! दुकानदाराला म्हटलं, असेल त्यातलं सगळ्यांत घाण दे."

काकूंनी ते बेलाचान आणलं आणि काकांना एकदम मार्ग सापडला. ते मेंटेनन्सचे. त्यांच्या दृष्टीने नाक हा एक पाइप होता, तो चोंदला होता, आणि चोंदलेल्या पाइपला एकच औषध: प्रेशर. एखादा असा जबरदस्त वास मारायचा की पलीकडून भसकन बाहेर पडला पाहिजे. त्यांनी मागच्या अंगणातल्या ग्रिलवर बेलाचान भाजायला घेतलं. आधी वडीचा तुकडा, मग अर्धी वडी, मग विटेएवढी आख्खी. ग्रिलपाशी खुर्ची ओढून, डोक्यावरून टॉवेल घेऊन, वाफारा घेतल्यासारखे बसायचे. उरलेल्या वड्या काकूंनी स्वयंपाकघरातून हद्दपार केल्या, तेव्हा काकांनी त्या आमच्या बेसमेंटच्या कपाटात, आमच्या कोटांच्या शेजारी आणून ठेवल्या. आम्ही एक अक्षर बोललो नाही. रूममेट ट्रेनने न्यूयॉर्कला ऑफिसला जायचा. तो म्हणाला, "यार, हल्ली मला कायम बसायला जागा मिळते. आजूबाजूची पण."

आख्ख्या विटेच्या दिवशी फायर डिपार्टमेंट आलं. कोणीतरी फोन करून सांगितलं होतं की ह्या घरात बहुधा बऱ्याच दिवसांपूर्वी काहीतरी वाईट घडलं आहे. शिरस्त्राणं, बूट, कुऱ्हाडी अशा थाटात ती धिप्पाड माणसं कुंपण ओलांडून आली, तर समोर टॉवेल पांघरलेले काका. त्यांनी टॉवेल बाजूला केला. डोळ्यांत आशा चमकली.

"यू स्मेल इट?" त्यांनी सगळ्यांत उंच जवानाला विचारलं.

"येस, सर."

"हाऊ इज इट? प्लीज. टेल मी इन डीटेल ला."

जवानाने आपल्या साहेबाकडे पाहिलं. असा प्रश्न त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवला नसावा. "सर," तो शेवटी म्हणाला, "समथिंग डाइड. इन द सी. अँड देन समवन सेट इट ऑन फायर."

"करेक्ट!" काकांनी त्याचा हात हातात घेऊन गदगदा हलवला. "व्हेरी करेक्ट!" मग मागे वळून काकूंना म्हणाले, "अगं, बरोबर भाजले गेलेय!" आणि जवानांना म्हणाले, "जेवला?"

ते जेवले. डेकवर रांगेत बसून, शिरस्त्राणं मांडीवर ठेवून नासी लेमाक जेवले. त्यातल्या कोणी सांबलला सांबार म्हटलं नाही. एडिसनच्या रस्त्यावर काकांना पहिल्यांदा कदर करणारी माणसं भेटली, ती अशी सायरन वाजवत यावी लागली.

पण त्या जवानाच्या उत्तराने काकांना नवीच दिशा मिळाली. स्वतःला येत नाही तर दुसऱ्याचं नाक वापरायचं. रूममेटने लगेच सायनसचं दुखणं काढलं. उरलो मी. रोज संध्याकाळी ऑफिसचं काम संपलं की मला वर बोलावणं यायचं. काका डोळे मिटून टेबलापाशी बसायचे, समोर काहीतरी झाकून ठेवलेलं. मी झाकण काढून वास घ्यायचा आणि सांगायचं.

"सांग."

"वास येतोय, काका."

"कसा?"

"घाण."

"घाण कशी? हवा घाण असते, राजकारण घाण असते. नीट बघ. आठव ला!"

हे "आठव ला" माझ्या मागे लागलं. मराठीत जेवणाच्या वासाला शब्द किती? खमंग, खरपूस, करपट, खवट, आंबूस. पुढे मी अडायचो, आणि ते टेबलावर बोटं वाजवत "आठव ला, आठव ला" करत राहायचे. हळूहळू मला जमायला लागलं. बेलाचानबद्दल मी म्हणालो, "होस्टेलच्या खोलीत सगळ्यांचे मोजे वाळत घातलेत, आणि शेजारच्या घरात कोणीतरी सुकं खोबरं भाजतंय." काकांची बोटं टेबलावर थांबली. "खोबरे," ते म्हणाले. "हो. शेवटी शेवटी खोबरे." ड्युरियन नावाचं ते काटेरी फळ आणलं, तर मी म्हणालो, "हा फणसाचा वाया गेलेला भाऊ आहे. घरातनं पळून जाऊन कांदे विकतो." ते इतके हसले की काकू धावत आल्या.

एकदा त्यांनी भातात घालायचं पांदानचं पान माझ्या हातात दिलं. लांब, हिरवं, गवतासारखं. मी ते चुरगळलं, नाकाशी नेलं, आणि मला काही आठवावं लागलं नाही.

"काका, हा तर आंबेमोहोर. नव्या आंबेमोहोराचा भात उतरवल्यावर झाकण काढतो ना, तो."

काकांचे डोळे मिटलेले होते. ते उघडले नाहीत, पण त्यांतून पाणी आलं. "पेनांगला पहिल्या दिवशी आम्ही उतरलो," ते म्हणाले, "ओळख ना देख, भाषा येत नाही. एका गाडीवर भात घेतला आणि मला आमच्या आईच्या स्वयंपाकघराचा वास आला. म्हणून मी तिथे राहिलो रे. नाहीतर परत जाणार होतो." त्या सगळ्या बोलण्यात त्यांचा तो पेनांगचा 'ला' एकदाही आला नाही. काकूंनी ओट्याकडे तोंड करून नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

पुढे मला ओहायोत, डब्लिनला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी काकांनी मला जेवायला घातलं, माझ्या तोंडाकडे बघत बसले, आणि मी गाडीत बसल्यावर काचेत वाकून म्हणाले, "तू गेल्यावर मला सांगणार कोण?" मी म्हटलं, फोन करा, मी आठवून सांगेन. आणि ते खरंच करायचे. मीटिंगमध्ये असलो तरी फोन उचलला की पलीकडून नमस्कार नाही, काही नाही, एकदम "आठव ला! ड्युरियन!" असली फर्माईश. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन हळू आवाजात सांगायचो. ऑफिसमध्ये माझ्याविषयी तसाही प्रवाद होताच, कारण माझा कोट. बेसमेंटच्या कपाटात बेलाचानशेजारी नांदलेला तो कोट मी ड्राय क्लीनिंगला टाकला, दुकानदाराने तो परत केला आणि पुन्हा येऊ नका म्हणाला. तो मी गॅरेजमध्ये टांगून ठेवला होता. टाकवत नव्हता.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी जेवून लवंडलो होतो. फोन वाजला.

"आठवला!" काका ओरडले.

मी सवयीने उठून बसलो. "हो काका, सांगतो. कुठला? नासी लेमाक? आधी नारळाचं दूध, गरम, जरा गोडसर. मग आंबेमोहोर. मग मागून सांबल येतो, त्यात पहिल्यांदा मिरची आणि..."

"अरे गप! गप बस!" ते धापा टाकत होते. "तुला नाही सांगत. मला! मला आठवला. वास. बेसमेंटमध्ये गेलो होतो बल्ब बदलायला. नवीन भाडेकरू टिकत नाहीत रे, येतात आणि जातात. मी कपाट उघडले आणि... काय रे हे? काय मेलेय इथे?"

"कसा आहे, काका?" मी कसंबसं विचारलं. "नीट सांगा."

"घाण!" ते आनंदाने किंचाळले. "अरे, भयानक घाण! तुम्ही पोरे ह्यात राहिलात? आणि बोलला नाहीत?" मग श्वास ओढल्याचा मोठा आवाज आला, मग पुन्हा एक. "मोजे," ते हळूच म्हणाले. "मोजे वाळत घातलेत." आणि आणखी एकदा श्वास घेऊन, मला जेमतेम ऐकू येईल असं, "खोबरे."

फोन पडल्याचा आवाज झाला. तो काकूंनी उचलला असावा, कारण पुढचा आवाज त्यांचा होता. त्या हसत होत्या आणि रडतही होत्या.

"ऐकलंस? ह्यांना घाण येते! आमच्या आख्ख्या संसारात त्या बेलाचानबद्दल आज पहिल्यांदा आमचं एकमत झालं बघ!"

मागून काकांचा आवाज बेसमेंटभर घुमत होता. "दरवाजा उघड ला! उघड ला!"

"काकू," मी विचारलं, "दरवाजा उघड म्हणतायत, की उघडला म्हणतायत?"

"मला काय माहीत? इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही," काकू नाक ओढत म्हणाल्या. "आणि आता दरवाजाचं राहू दे. चोंदलं होतं ते उघडलंय."